आठ फ्रेमचा उशीर

“हा खेळाडू उशिरा निघतो,” मी म्हणालो आणि प्रोजेक्टर उलटा फिरवला. भिंतीवरचे बावीस जण मागे मागे पळत आपापल्या जागी गेले. पुन्हा सुलटा केला. बॉल हलला, एकवीस जण हलले, आणि मग तो हलला. “बघा. या वेळी बारा फ्रेम. सहा मॅचची सरासरी आठ.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. आमचा बॉस केर्न्स, म्हातारा स्काउट वॉल्ट आणि मी. साल सांगत नाही, पण ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि व्हिडिओ टेप अजून आमच्या ऑफिसात पोचली नव्हती. टीमचं नावही सांगत नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत.

आधी खेळाबद्दल थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये पाय कमी आणि हात जास्त लागतात. बॉल लांबट. एक खेळाडू तो पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की सगळे एकदम सुटतात. सात-आठ सेकंदांत शिट्टी, की पुन्हा सगळे जागेवर. आम्ही ज्याची फिल्म बघत होतो तो कर्टिस ‘सेफ्टी’ होता, म्हणजे सगळ्यात मागे उभा असलेला राखणदार. बाकी सगळे चुकले तरी याने चुकायचं नसतं. फिल्मच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम. आठ फ्रेम म्हणजे एक तृतीयांश सेकंद. तेवढ्यात समोरचा वेगवान गडी तीन यार्ड पुढे निघून जातो.

वर्षातून एकदा सगळ्या प्रोफेशनल टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. तो ड्राफ्ट. आमच्या फळ्यावर पसंतीच्या प्रत्येक खेळाडूच्या नावाची पट्टी असायची. पट्टी उतरली की आमच्यापुरता विषय संपला. कर्टिसचं कॉलेज इतकं लहान होतं की दुसऱ्या कुठल्या टीमचा माणूस तिकडे फिरकलाच नव्हता. आमच्या फळ्यावरून उतरला असता तर पोराचा फुटबॉल त्याच हिवाळ्यात संपला असता.

“मी त्याला स्वतः बघितलंय,” वॉल्ट म्हणाला.

“काय बघितलंस?” केर्न्सने विचारलं.

“रिपोर्टमध्ये लिहून दिलंय.”

केर्न्सने माझा कॉम्प्युटर प्रिंटआउट चाळला. “इथे नुसते आकडे आहेत, वॉल्ट.”

वॉल्टने माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, म्हातारा हरला.

केर्न्स उठला. “शनिवारी दोघं जा. सोमवारी मला एकच मत हवंय. नाही जमलं तर पट्टी उतरवतो.”

सांगलीच्या हळदीच्या पेठेतल्या हमालाचा मुलगा या खोलीत कसा पोचला, हेही सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अभिमानाने सांगतो, अजूनही सांगतो. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायला न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत आलो. कॅम्पसवर नोकरी हवी होती. लायब्ररीतल्या जागा भरल्या होत्या. फुटबॉल ऑफिसला फिल्म कापून चिकटवायला माणूस हवा होता. आक्रमणाची रीळं वेगळी, बचावाची वेगळी. दोन वर्षं मैलोगणती फिल्म कापली आणि खेळ शिकलो तो असा, भिंतीवर, आवाजाविना. डिग्री झाल्यावर एका प्रोफेशनल टीमला फिल्म आणि कॉम्प्युटर दोन्ही समजणारा माणूस पाहिजे होता. मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरकाकांनी विचारलं, “सध्या कुठे असता?” म्हटलं, “फुटबॉलमध्ये.” त्यांचा पुढचा प्रश्न, “मग ग्रीन कार्ड कशावर झालं?”

वॉल्टचं सगळं उलटं. वय बासष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, वीस वर्षं गाडीतून कॉलेजं पालथी घातलेली. गावोगावहून पेन्सिलीने भरलेले फॉर्म पोस्टाने पाठवायचा. वेग, ताकद, उडी, समज अशा प्रत्येक गोष्टीला एक ते नऊ आकडे. ते आकडे मी कॉम्प्युटरमध्ये भरायचो. तो मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा माझ्याकडे डेटा नव्हता.

शनिवारी पहाटे त्याच्या गाडीतून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराकडे निघालो. पाच तासांचा रस्ता. बायकोने थालीपीठं आणि लसणाची चटणी बांधून दिली होती.

“हे काय?”

“खाऊन बघा.”

वॉल्टने तीन खाल्ली. कपाळावरचा घाम टोपीने पुसला आणि म्हणाला, “फिल्मवर ही चटणी कळली नसती, प्रोफेसर.”

मैदान लहान होतं. एका बाजूला लाकडी बाक, दुसऱ्या बाजूला टेकडी. सामान सांभाळणारा माणूस वॉल्टच्या ओळखीचा निघाला, त्याने आम्हाला थेट मैदानाच्या कडेला उभं केलं. मॅचआधी खेळाडू अंग मोकळं करत होते, तेव्हा मी वॉल्टला म्हटलं, “तो डावीकडे वळताना बघा. उजवीकडच्यापेक्षा हळू वळतो. फिल्मवर दर वेळी दिसतं.”

वॉल्टने कर्टिसची दहा वळणं मोजली. “बरोबर आहे तुझं. मागच्या महिन्यात माझ्या नजरेतून सुटलं. पहिल्याच मिनिटाला आवडला होता मला. आवडला की माणसाला दिसत नाही.”

असं सरळ कबूल करणारा सीनियर मी तोवर बघितला नव्हता.

मॅच सुरू झाली. मी खिशातून स्टॉपवॉच काढलं.

“ते ठेव आत. आणि बॉलकडे बघू नकोस.”

“मग कुठे बघू?”

“खेळ थांबला की त्याच्याकडे बघ. चालू असताना तर सगळेच बघतात.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पक्की माहीत होती आणि तरीही सुचली नव्हती. फिल्म महाग. लहान कॉलेजचा कॅमेरावाला स्नॅपच्या क्षणी बटण दाबतो आणि शिट्टी झाली की बंद करतो. मधला वेळ फिल्मवर नसतोच. आवाज तर अजिबात नसतो. आणि कॅमेरा जवळ असेल तर अगदी कडेला उभा असलेला खेळाडू चौकटीबाहेर राहतो.

शिट्टी झाली. कर्टिस पंधरा यार्ड डावीकडे धावत गेला. तिथे कडेचा राखणदार उभा होता, त्याला ‘कॉर्नर’ म्हणतात. कर्टिसने त्याला खांद्याच्या पॅडला धरून फिरवलं, हाताने जागा दाखवली आणि पळत आपल्या जागी आला. येता येता ओरडत होता, “दोन पावलं मागे! अजून! हां, तिथेच!” स्नॅप झाला तेव्हाही त्याची मान तिकडेच होती. कॉर्नर योग्य दिशेला हलला, हे बघितलं आणि मगच तो सुटला. उशिरा सुटला, आणि तरी वेळेवर पोचला.

पुढच्या खेळीला तेच. त्याच्या पुढच्या खेळीलाही तेच.

सामानवाल्याने वॉल्टला खुलासा केला. दुसऱ्या मॅचनंतर त्या बाजूचा चांगला कॉर्नर आणि त्याचा बदली खेळाडू, दोघंही जायबंदी झाले होते. हा नवा गडी तोवर आक्रमणात बॉल झेलायचं काम करत होता. बचावातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. कर्टिस स्वतःची जागा खेळत होता आणि त्याचीही खेळवत होता.

शेवटच्या पंधरा मिनिटांत कॉर्नर साफ उलटीकडे वळला. समोरचा गडी मोकळा सुटला. कर्टिस निम्मं मैदान तिरपं कापत गेला आणि गोलच्या रेषेच्या तीन यार्ड अलीकडे त्याला आडवा केला. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज मी पहिल्यांदा एवढ्या जवळून ऐकला. छातीत बसतो तो.

कोच तावातावाने पुढे आला. “कर्टिस! झोपला होतास का तिकडे?”

“माझी चूक, सर.”

कॉर्नर मान खाली घालून उभा होता. त्याच्या जवळून जाताना कर्टिसने त्याच्या हेल्मेटवर एक टपली मारली. दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही आली नसेल.

मॅच संपल्यावर वॉल्टने त्याला गाठलं. “चूक तुझी नव्हती. कोचला सांगायचं ना.”

“सांगितलं तर त्याला बाहेर बसवतील, सर. मग तिथे उभं कोण राहणार? आमच्याकडे आणखी माणूसच नाही.”

मला राहवलं नाही. “पण फिल्ममध्ये तू उशिरा दिसतोस.”

तो हसला. “दिसतो ना? कोचही तेच म्हणतात.” आणि बूट काढायला निघून गेला.

परतीच्या पाच तासांत वॉल्ट फक्त चटणीची कृती विचारत राहिला. कर्टिसचा विषय काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी एकटाच ऑफिसला गेलो. सहा मॅचचे आकडे वेगवेगळे मांडले. पहिल्या दोन मॅचमध्ये कर्टिस सगळ्यांबरोबर सुटत होता. उशीर शून्य. पुढच्या चार मॅचमध्ये बारा-बारा फ्रेम. मी त्याची सरासरी काढून आठ केली होती. असा आठ फ्रेम उशिरा निघणारा माणूस एकाही मॅचमध्ये खेळला नव्हता. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस, आणि ही चूक.

मग ड्रॉवरमधून वॉल्टचा मूळ फॉर्म काढला. आकड्यांच्या खाली, समासात, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘शेजाऱ्याला खेळवतो. त्यासाठी स्वतः थांबतो.’

तो फॉर्म मीच टाइप केला होता. आकडे सगळे भरले. ही ओळ गाळली, कारण तिच्यासाठी कॉलम नव्हता. माझा बाप सही करायला चाळिशीत शिकला, पण पेठेत व्यापारी त्याला हाक मारून विचारायचे, “हे पोतं कसं आहे रे?” तो वरची हळद बघायचाच नाही. आत हात घालून तळाचं हळकुंड काढायचा, मोडायचा, आवाज ऐकायचा आणि मग सांगायचा. वॉल्ट आणि बाप एकमेकांना भेटते तर दोघांचं जमलं असतं. मी मधे दुभाषा म्हणून उभा राहिलो असतो, आणि माझी गरजही पडली नसती.

सोमवारी मी आधी बोललो. “मी कर्टिसला दिलेला ग्रेड चुकला.”

“फ्रेम मोजायला चुकलास?” केर्न्सने विचारलं.

“फ्रेम बरोबर आहेत. अर्थ चुकला.” मी वेगवेगळ्या मॅचचे आकडे पुढे ठेवले. त्यावर वॉल्टचा फॉर्म ठेवला. “यांनी हे महिन्यापूर्वीच लिहून दिलं होतं. मी टाइप केलं नाही.”

“का?”

“कॉलम नव्हता.”

वॉल्ट आपल्या टोपीची शिवण बारकाईने तपासत होता. त्या दिवशी केर्न्ससमोर मला धुऊन काढायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो एवढंच म्हणाला, “डावीकडे हळू वळतो, तेही लिही. ते प्रोफेसरने शोधलंय.”

केर्न्सने पट्टी उतरवली. मग त्याने ती दोन ओळी वर लावली.

वसंतात ड्राफ्टच्या अगदी शेवटी आम्ही कर्टिसला घेतलं. तो चार सीझन खेळला. नाव झालं नाही, पोस्टर निघालं नाही. पण तिसऱ्या सीझनपासून आमच्या मागच्या फळीतल्या प्रत्येकाला कुठे उभं राहायचं, हे तोच सांगायचा. डावीकडे मात्र शेवटपर्यंत हळूच वळला. तेवढं श्रेय माझं.

मी कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये नवा कॉलम टाकला. शेरा. साठ अक्षरं मावतील एवढा. वॉल्टला मोठ्या थाटात सांगितलं की आता तुमचा एक शब्दही वाया जाणार नाही. पुढच्या सीझनला त्याचे फॉर्म पोस्टाने येऊ लागले. बहुतेकांवर शेऱ्याच्या जागी तीच पेन्सिल आणि तेच दोन शब्द होते: ‘जाऊन बघा.’

मी दर वेळी ते टाइप केलं.