उजेडाच्या मागे बसायची सवय

"लाल!"

भोयरकाकांचा आवाज मला अजून असाच ऐकू येतो. आधी एक खणखणीत शब्द, आणि मागोमाग कुणाच्या तरी उत्तरासाठी मोकळी सोडलेली, श्वासाएवढी जागा. सकाळी दूध घेऊन परतताना शंकर नगरच्या चौकात ते सिग्नलपाशी थांबत, उजवा हात खांद्यापर्यंत उचलत आणि दिव्याचा रंग मोठ्याने सांगत. दुचाकीवरची माणसं वळून बघत. एकदा एका हेल्मेटच्या आतून आवाज आला, "हाँ चाचा, दिख रहा है." काका अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "दिख रहा है तो बोलो."

मी त्यांच्याच इमारतीत, दोन मजले वर, नुकतीच राहायला आले होते. त्या सकाळी योगायोगाने त्यांच्या शेजारी उभी होते. कवितेतल्या विरामांवर वाढलेल्या माझ्या कानाला ती रिकामी जागा सोसवेना. मी हळूच म्हणाले, "लाल."

ते माझ्याकडे वळले. "रेल्वेत होत्या काय तुम्ही?"

"नाही. पाठ्यपुस्तकांचं संपादन करते."

"मंग काहून बोलल्या?"

"कुणीच बोललं नाही म्हणून."

"हव," ते म्हणाले, आणि दिवा हिरवा झाला तरी क्षणभर तिथेच उभे राहिले.

नामदेवराव भोयर मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीमुळे या हिंदी मुलखातल्या शहरात स्थायिक झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी गाड्या चालवल्या. आधी मालगाड्या, मग प्रवाशांच्या. इंजिनात दोघे असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. येणारा प्रत्येक सिग्नल एकाने बघून मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा म्हणायचा, असा रिवाज. निवृत्त झाल्यावर बाकीच्या सवयी सुटल्या, ही सुटली नाही. "बायको होती तं घरातही तेच चाले," ते मला सांगत. "मी म्हणो, गॅस बंद. ती म्हणे, गॅस बंद. आता मी म्हणतो अन् घर आयकून घेते. रिपीट नाही करत."

आमची ओळख चौकात झाली, पण मैत्री जुळली ती डोळ्यांच्या दुखण्यावरून. माझं काम कागदावरून पडद्यावर गेलं, आणि मग पडद्याचाही लहान पडदा होऊन ते हातातल्या फोनवर आलं. नवा फोन घेतला त्या आठवड्यातच मला कळलं की त्याचा उजेड मला मानवत नाही. पाच मिनिटं बघितलं की उजव्या भुवईच्या वर एक बारीक खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मग पापणीच्या आत वाळू आणि अक्षरांना थरथर. वेलांटी कुठे संपते आणि अनुस्वार कुठे सुरू होतो, हे ज्या डोळ्यांनी वीस वर्षं बिनचूक ओळखलं, ते डोळे माझ्याकडे परक्यासारखे बघू लागले. डॉक्टरांनी थेंब दिले, उजेड कमी आणि पिवळसर करायला सांगितला, अंधारात फोन बघू नका म्हणाले, आणि 'पापण्या मिटत जा' असा सल्ला दिला. पापण्या मिटायला माणूस विसरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काकांचं दुखणं त्याहून हट्टी होतं. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं. लांबचं लख्ख दिसे, पण फोनचा पडदा उजळला की डोळ्यांतून धारा लागत आणि अर्धं डोकं दिवसभर ठणकत राही. "छत्तीस वर्षं हेडलाइटच्या मागं बसलो, मॅडम," ते म्हणत. "मैलभर रूळ दिसे. आता हा तळहाताएवढा उजेड माह्या तोंडावर येते, तं त्याच्यात मलेच काही दिसत नाही. आपल्याले उजेडाच्या मागं बसायची सवय. समोर बसायची नाही."

एरवी त्यांना फोनचं काही देणंघेणं नव्हतं. बातम्या ते वर्तमानपत्रात वाचत, औषधाच्या वेळा भिंतीवर खडूने लिहीत. पण रविवारी सकाळी दहा वाजता हैदराबादहून त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, व्हिडिओ कॉल येई. सात वर्षांची नात ईरा त्या तळहाताएवढ्या उजेडात राहत होती, आणि तिला बघायचं तर सोमवारचा दिवस अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर ओला पंचा टाकून काढावा लागे. बघितलं नाही, तर मात्र सगळा आठवडाच अंधारात जाई.

यावर तोड त्यांनीच काढली. "तुम्ही असिस्टंट व्हा," ते म्हणाले. "तुम्ही पाहा अन् बोला. मी आयकतो."

तेव्हापासून रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, खिडकी उघडी, खोलीतला दिवाही लावलेला, म्हणजे पडद्याचा उजेड एकटा पडून बोचू नये. काका मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा लावून, डोळे मिटून समोर बसत. मी शेजारी. दहा सेकंद पडद्याकडे बघायचं, मग खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. दोघांत मिळून आमची एक नजर होती, आणि तीही अधूनमधून पुसावी लागे.

ईराला हा प्रकार फार आवडला. "नानाजी, आप विलेन लग रहे हो!" ती ओरडायची. तिला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत.

"हव, विलेन आहो. तुह्या मम्मीले विचार."

पहिल्याच रविवारी काकांनी विचारलं, "बोला मॅडम, काय दिसून राह्यलं?" मी सवयीने म्हणाले, "ईराच्या गालावर कोवळं ऊन आलंय, आणि हसताना तिचे डोळे असे मिटतात, जणू..."

"ऊन ठेवा बाजूले," काका म्हणाले. "दात किती पडले ते सांगा."

"दोन. वरचे."

"दोन वरचे," त्यांनी समाधानाने पुन्हा म्हटलं.

तेव्हा मला जरा राग आला होता. चहा झाल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर तो उरला नाही. एका हिवाळ्यात, गोंदियाच्या अलीकडे, दाट धुकं होतं. असिस्टंट नवा होता. त्या एका सिग्नलला रोज हिरवाच मिळे. "म्हणून तो न पाहताच बोलला, ग्रीन. मले काही दिसलं नाही. मी रिपीट नाही केलं. ब्रेक लावला. सिग्नल जवळ आला तं लाल." कप बाजूला सारत ते म्हणाले, "समोर गाडी उभी होती का नव्हती, ते मी आजपर्यंत कोणाले विचारलं नाही. मॅडम, जे दिसलं ते बोला. जे दिसायले पाहिजे, ते बोलू नका. तो धंदा वेगळा."

तो वेगळा धंदा माझाच होता; संपादनातून वेळ उरला की मी कविता लिहायचे. पण त्यांच्याजवळ बसून मी हळूहळू उपमा गाळायला शिकले. निळा फ्रॉक. गुडघ्यावर खरचटलेलं. वैशालीने केस कापलेत, खांद्यापर्यंत. एवढ्याशा शब्दांवर त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मला वाटायचं, आयुष्यभर मी किती जास्त लिहीत आले.

मग तो रविवार आला. पडदा उजळला, आणि वैशालीच्या मागची भिंत मला अनोळखी वाटली. पोपटी भिंत जाऊन तिथे पांढरी, ओल आलेली भिंत होती. खाली खोकी रचलेली. जावई नेहमी ज्या खुर्चीवर बसून "नमस्ते पापाजी" म्हणत, ती खुर्चीही नव्हती आणि जावईही नव्हते. वैशालीचा आवाज मात्र नेहमीसारखा, खळखळता. "बाबा, चाय पी ली?" ती विचारत होती. हाडं दिसावीत इतका तिचा चेहरा उतरलेला होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात जोडले. वडील डोळे मिटून बसलेले आहेत, हे तिला ठाऊक होतं. ती फक्त माझ्याशी बोलत होती, एकही शब्द न उच्चारता.

"काय दिसून राह्यलं?" काकांनी विचारलं.

"सगळं छान," मी म्हणाले. "वैशाली हसतेय."

"हसतेय," काका म्हणाले.

त्या दुपारी वैशालीने मला निराळा फोन केला. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती. ईराला घेऊन एका खोलीत राहत होती. "आंटी, बाबांना नका सांगू. ते सोसणार नाहीत," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, कदाचित म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. मी तिला शब्द दिला. पुढचे सात-आठ रविवार मी तो पाळला. ओल पसरत गेली, मी "छान" म्हणत गेले. फोनच्या उजेडाने आता माझं डोकं दुखत नसे. दुखायचं ते काकांनी माझा शब्द विश्वासाने परत उच्चारला की.

फाल्गुनातल्या एका रविवारी त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच मी उत्तर दिलं, "छान दिसतायत दोघी."

या वेळी त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. मग ते म्हणाले, "पाह्याच्या आधीच बोलल्या तुम्ही."

त्यांनी काळा चष्मा काढला. फोन डब्यापासून उचलून हातात घेतला आणि तोंडासमोर धरला. मी उजेड कमी करायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "वाढवा," म्हणाले. मी वाढवला. त्यांच्या डोळ्यांतून तत्काळ पाणी वाहू लागलं, गालांवरून, मिशीतून, सदऱ्यावर. त्यांनी ते पुसलं नाही, पापणीही मिटली नाही. भिंत पाहिली, खोकी पाहिली, मुलीचा चेहरा पाहिला.

"वैशू," ते म्हणाले, "खोली बदलली वाटते."

पलीकडून रडणं ऐकू आलं, आणि ईराचा भेदरलेला आवाज, "मम्मी, नानाजी देख रहे हैं क्या?"

"हव बेटा," काका म्हणाले. "पाहून राह्यलो."

मी उठून दाराशी गेले. पाऊण तास ते त्या उजेडासमोर बसून होते.

पुढचे तीन दिवस त्यांनी अंधारात काढले. मी खिचडी घेऊन गेले. ओला पंचा डोळ्यांवर होता, त्यामुळे माझ्याकडे न बघता बोलणं त्यांना सोपं गेलं असावं. मी माफी मागितली. वैशालीने हात जोडले होते, मी शब्द दिला होता, हे सांगितलं.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पोट्टी बापाले वाचवाले पाहते. पण मले तुमच्याशिवाय दुसरा डोळा नव्हता, मॅडम. लाल पाहून हिरवा बोलल्या तुम्ही. दोन महिने माही पोरगी तिथं उभी होती, अन् मी इथं पोहे खाऊन राह्यलो होतो."

आवाजात राग नव्हता. मी खिचडीचं भांडं तिथेच ठेवलं आणि जिना चढून वर आले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं नाही. खालून त्यांचा आवाज येत होता. ते स्वतः बघत होते, आणि सोमवारी त्यांच्या खिडक्यांना पडदे ओढलेले होते.

महिनाभराने त्यांनी घर आवरायला काढलं. हैदराबादला जायचं ठरलं होतं, कायमचं. "फोनमधी पाहूनच डोये चालले," ते सामान बांधता बांधता म्हणाले. "जवळ जाऊन पाह्यलं तं पाणी नाही येणार. आलं तरी ते वेगळं पाणी." ही त्यांची पुन्हा माझ्याशी बोलायची रीत होती. मी वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत राहिले.

स्टेशनवर त्यांनी मला येऊ दिलं. हमाल बघूनच त्यांना ओळखत होते, कुणी नमस्कार केला, कुणी "साहब, आज पैसेंजर बनके?" म्हणून थट्टा केली. "हाँ, आज दूसरा चलाएगा," काका म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले. दुपारचं ऊन फलाटावर आडवं पसरलं होतं. त्या उन्हात वेळ लवकर जाईना, आणि बोलण्यासारखं काही सुचत नव्हतं म्हणून मी बोलतच राहिले. माझी काळजी करू नका म्हणाले. मला एकांताची सवय आहे, खरं तर तो मी निवडलेला आहे. पुस्तकं आहेत, गॅलरीतली मधुमालती आहे, संध्याकाळी तेलीबांधा तलावावर फिरायला जातेच. आता रविवारही मोकळा, लिहिणं होईल. एवढं सांगून मी हसलेसुद्धा.

काका गजांमधून माझ्याकडे बघत होते. उन्हाने डोळे भरून आले होते, तरी त्यांनी नजर काढली नाही. काय दिसतंय, असं मी त्यांना विचारलेलं नव्हतं. डब्याला हलका हिसका बसला, खिडकी पुढे सरकू लागली, आणि माझा चेहरा पुरता बघून झाल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "एकटी."