टाकीला बांधलेली लाल चिंधी

मोनिकाच्या हातून आठशे लिटर दूध नासलं, आणि तेही टाकीपासून वीस किलोमीटर लांब, खुर्चीत बसून. अशी चूक करायलाही शिक्षण लागतं.

सोयगावची ही पोर पुंडलिकनगरात खोली घेऊन राहते आणि चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरी करते. दूध संकलन केंद्रांवरच्या टाक्या गार ठेवणारे कंट्रोलर तिथं बनतात. त्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम मोनिकाचं. त्यासाठी डीबगर नावाचं साधन असतं. चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते त्यातून बघता येतं. तिच्या स्क्रीनवर अशा दोन काळ्या खिडक्या कायम उघड्या. एक टेबलावरच्या चाचणीच्या कंट्रोलरची, दुसरी केंद्रावरच्या खऱ्या टाकीची. कमांड लिहायच्या जागी दोन्हींत तोच कंस, तीच तीन अक्षरं, तोच लुकलुकणारा कर्सर. जुळ्या भावंडांतही एखादा तीळ वेगळा असतो, इथं तोही नव्हता.

त्या मंगळवारी तिनं प्रोग्रॅम थांबवला आणि डबा खायला गेली. पुढं मीटिंग लांबली. थांबवायचा होता टेबलावरचा, थांबवला होता तो खऱ्या टाकीचा, आणि त्याबरोबर टाकी गार होणंही थांबलं होतं. चार तासांनी केंद्रावरून फोन आला, तेव्हा दूध हातचं गेलं होतं.

मालक मधुसूदन सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "खऱ्या टाक्या आता मी बघतो. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते महिनाअखेरीला ठरवू." महिनाअखेर नऊ दिवसांवर होती. बॅग भरून सोयगावची एसटी धरायची आणि गावाला तोंड दाखवायचं, हेच तिच्या डोळ्यांपुढं येत राहिलं.

संध्याकाळी तिनं आईला फोन केला. द्वारकाबाईंना डीबगर कळला नाही, दोन खिडक्या मात्र बरोबर कळल्या.

"दोन्ही सारख्याच दिसतेत व्हय?"

"व्हय."

"मग? तुझ्या बापानं नाय का किडीच्या औषधाचा समजून तणनाशकाचा पंप घेऊन कपाशी फवारली व्हती? उभं रान करपलं. ध्यान ठेवा, ध्यान ठेवा म्हणून लई सांगितलं. पण माणसाच्या ध्यानाचं काय खरं हाय? शेवटी मीच त्या पंपाला लाल चिंधी बांधली."

दुसऱ्या दिवशी मोनिकानं डीबगरची माहितीपुस्तिका उघडली. कर्सरच्या आधीची अक्षरं बदलायला एक ओळ पुरत होती. ती लिहिली, अक्षरं बदलली, आणि खिडकी बंद करून उघडताच पुन्हा जुनीच. म्हणजे रोज आठवणीनं लिहा. आठवणीचंच तर सगळं रडगाणं होतं. चिंधी हाताला नाही, पंपाला हवी. टाकीशी जोडणी करणारी एक फाइल सगळ्यांच्या वापरात होती. तिच्यातच ओळ टाकायची तिनं सरांना परवानगी मागितली. सर फोनवर होते, त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

सातव्या दिवशी सरांनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. चाचणीच्या कंट्रोलरमधली एक अडचण दाखवायची होती. बोलता बोलता त्यांनी थांबवायची कमांड लिहिली, बोट एंटरवर नेलं, आणि तिथंच थबकले. कमांडच्या आधी लाल अक्षरं होती: खरी टाकी, आत दूध आहे.

सरांनी कमांड एकेक अक्षर करून खोडली. मोनिकाला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी स्वतःबद्दलही थोडी माया वाटली.

"ही ओळ तुम्ही टाकलीत?"

"हो. तुम्हाला विचारलं होतं."

सर खुर्चीतून उठले. "बसा. टाक्या आजपासून परत तुमच्याकडे. महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही." मग त्यांनी विचारलं, "हे शिकलात कुठं?"

"आईनं सांगितलं."

"त्याही सॉफ्टवेअरमध्ये आहेत?"

"नाय सर," मोनिका म्हणाली, "कपाशीत."