एका सुरात चालणारं इंजिन

चाचा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांची गाडी सुरात आणायचं काम माझ्याकडे आलं. 'सुरात आणणं' हा त्यांचाच शब्द. इतर मिस्त्री त्याला सेटिंग म्हणत.

चाचा माझ्या नात्यातले नव्हते. लोणावळ्यात त्यांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे घर. मी धरणाकाठच्या वडिवळे गावचा. अकरावीला लोणावळ्यात प्रवेश मिळाला, पण पावसात कामशेतपर्यंत पोचायचेच वांधे, तिथून पुढे लोकल. वडिलांच्या टेम्पोचं काम चाचांकडे होत असे, तेवढीच ओळख. त्या ओळखीवर त्यांनी मला गॅरेजच्या माळ्यावर ठेवून घेतलं. दोन वर्षं मी चाचींच्या हातचं जेवलो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी शिकलं नव्हतं. मी इंजिनिअर झालो, चाकणला नोकरीला लागलो, त्याची सुरुवात त्या माळ्यावर झाली हे मी कधी विसरणार नाही.

म्हणून त्यांच्या मुलीचा फोन आला की गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक बघण्याआधी ती नीट चालायला हवी, तेव्हा माझी आई बाजूनं म्हणाली, "लय केलंय त्यांनी तुझ्यासाठी. न्हाई म्हणू नगंस." मी नाही म्हणणारच नव्हतो.

गाडी जुनी, गोल दिव्यांची. चाचांनी तरुणपणी ती घाटातल्या शर्यतींसाठी तयार केली होती. मूळच्या एका कार्बोरेटरच्या जागी दोन मोठे बसवलेले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनला पाजणारं भांडं. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर येतो, हवा जास्त झाली की इंजिन खोकतं. इथं भांडी दोन, आणि दोन्ही सारखं पाजणारी हवीत. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाला लावून हवेची शीळ ऐकायची, मग स्क्रू केसभर फिरवायचा, परत ऐकायचं. पावसाळ्यात या स्क्रूला हात लावायचा नाही असा चाचांचा नियम होता. "लोणावळ्याची हवा तेव्हा निम्मी पाणीच असते," ते म्हणत. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की सकाळी बोनेट उघडत ते थेट होळीपर्यंत. कारण पहाटेच्या गारठ्यात बरोबर वाटलेलं ऊन चढल्यावर बरोबर राहत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे करत सगळा हिवाळा जायचा.

पौषातल्या अशाच एका सकाळी, अंगणात, उघड्या बोनेटसमोर स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. मला एवढंच माहीत होतं.

स्टूल अजून तिथंच होतं. कोणी हलवलं नव्हतं. मीही हलवलं नाही, त्यावर बसलोही नाही. उभ्यानंच काम करायचो.

पहिले दोन रविवार सफाईत गेले. वर्षभरात पेट्रोल वाळून कार्बोरेटरमध्ये पिवळा थर झाला होता. चाची मधूनच डोकावून जात. "इंजिनिअर झालास तरी नखं तशीच काळी तुझी," त्या म्हणाल्या. "मुलगी कोण देणार तुला?"

"तुम्हीच बघा ना एखादी, चाची."

"बघेन. आधी साबण घे."

असं चालायचं. तिसऱ्या रविवारी गाडी सुरू झाली. धुकं इतकं होतं की अंगणाच्या टोकाची भिंत दिसत नव्हती. इंजिन थरथरत होतं, अडखळत होतं, स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. मी नळी कानाला लावून डावा स्क्रू फिरवत होतो. एका जागी अडखळणं थांबलं. गाडी एका सुरात चालू लागली.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातले आवाज बंद झाले. मी मान वर केली. चाची दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या इंजिनाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"आहेस ना रे?"

"आहे की, चाची."

त्या आत गेल्या.

मला वाटलं, चहाचं विचारायचं असेल. पण पुढच्या खेपेला तेच झालं. सूर बसला की भांडी थांबायची, चाची दारात यायच्या, विचारायच्या, "आहेस ना?" एकदा मी चेष्टेत म्हणालो, "गाडी घेऊन पळून जाईन म्हणता की काय? टाकीत पेट्रोल तरी आहे का तेवढं?" त्या हसल्या नाहीत. माझ्या खांद्याला हात लावून बघितला आणि परत गेल्या. हात गार होता.

त्यानंतर मला त्या सुराचीच भीती वाटू लागली. इंजिन मऊ होत चाललं की माझी मान आपोआप दाराकडे वळायची. मागे स्टुलावर कोणीतरी बसून ऐकतंय असं वाटायचं. मी शिकलेला माणूस, हे मनाला कितीदा सांगितलं. पण हात ऐकेना. सुराच्या जवळ जाऊन मी स्क्रू उलटा फिरवायचो, गाडी परत खोकायला लागायची, आणि आत भांडी वाजायला लागायची. तेव्हा कुठे बरं वाटायचं. असे रविवार वाया जात होते. मुलीचे फोन येत होते. गिऱ्हाईक पौष सरता सरता येणार होतं.

शेवटी मी इंजिन बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेलो. चाची पोळपाटाशी बसल्या होत्या.

"चाची, गाडी नीट चालली की तुम्ही घाबरता. काय होतं?"

 त्यांनी हातातला उंडा परातीत ठेवला.

"त्या दिवशी मी इथंच होते. बाहेर गाडी चालू. अडखळत होती, मग एकदम सरळ झाली. मी म्हटलं, चला, आज जमलं यांना. मला बरं वाटलं रे. मी रोट्या करत राहिले. गाडी चालतच होती, एकसारखी. इतकी छान कधी चालली नव्हती. मग चहा घेऊन गेले."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. स्क्रूवर चाचांचा हात नव्हता, म्हणून सूर हलत नव्हता.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले ना, एका झटक्यात झालं?"

"सगळ्यांनाच तसं सांगतात."

मग मला एक गोष्ट आठवली आणि हायसं वाटलं. कार्बोरेटर खोलण्याआधी मी दोन्ही स्क्रू किती फेरे बाहेर आहेत ते मोजून ठेवलं होतं, चाचांनीच ती सवय लावली होती. "चाची, मी बघितलंय. दोन्ही बाजू बरोबर जुळलेल्या होत्या. त्यांचं काम झालं होतं. काम पुरं करून ते निवांत बसले असतील. म्हणजे सूर लागला तेव्हा ते होते."

चाचींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"होते तर हाक का नाही मारली? सूर लागला की ते हाक मारायचे. 'ऐकलंस का गं?' दर वेळी. मी म्हणायचे, ऐकलं, ऐकलं, आता आंघोळ करा. त्या दिवशी हाक आली नाही. माझ्या ध्यानात आलं होतं, बघ. आलं होतं, तरी मी उठले नाही. तव्यावर रोटी होती."

  मी तिथंच ओट्याला टेकून उभा राहिलो, त्या रोट्या लाटत राहिल्या. निघताना मी म्हटलं, "पुढच्या रविवारी तुम्ही बाहेर बसा. सूर लागेल तेव्हा तुम्ही तिथंच असाल."

त्या बसल्या. शाल घेऊन, पायरीवर. मी काम करता करता मोठ्यानं बोलत राहिलो: आता डावा थोडा बाहेर, आता उजवा, आता ऐकतो. सूर लागला तेव्हा त्यांनी शालीचं टोक मुठीत धरलं, पण उठल्या नाहीत. गाडी मी वडिवळ्यापर्यंत पळवून आणली. धरणाजवळच्या चढावर थांबून स्पार्क प्लग काढून पाहिला. रंग बिस्किटासारखा, म्हणजे मिश्रण बरोबर. काम झालं होतं.

गिऱ्हाईक आलं. पुण्याचा एक तरुण, बोलायला चांगला, जुन्या गाड्यांचा खरोखर शौकीन. त्यानं बोनेटवर हात फिरवला, इंजिन ऐकलं. "काय आवाज आहे!" तो म्हणाला. व्यवहाराचं मुलीशी फोनवर ठरलेलंच होतं.

चाचींनी विचारलं, "घरी कोण कोण असतं, बेटा?"

"मी एकटाच. आई-बाबा नागपूरला."

"गाडी कुठं ठेवणार?"

"सोसायटीच्या तळघरात जागा आहे. रात्री उशिरा, शांततेत, आरामात काम करत बसेन."

"एकटा?"

"हो. ते बरं पडतं. कोणाची कटकट नाही."

 चाची म्हणाल्या, "तुला नाही देत."

तो हसला. मग त्याला कळलं की चेष्टा नाही. तो माझ्याकडे बघू लागला, जणू मी मधे पडावं. त्यानं मुलीला फोन लावला, फोन चाचींच्या कानाला लावला. पलीकडून आवाज चढलेला मला ऐकू येत होता. चाची एवढंच म्हणाल्या, "लग्न झालं की ये म्हणावं त्याला. तेव्हा बघू." आणि फोन परत दिला.

तो गेला. फाटक लावून घेतलं. इंजिन अजून चालू होतं, अगदी एका सुरात. मी चावीकडे हात नेला.

"राहू दे," चाची म्हणाल्या. "चालू दे. पण तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

त्या पायरीवर बसल्या. धुकं पुरतं उतरलं नव्हतं. मी गाडीला टेकून उभा राहिलो आणि सांगू लागलो. यंदा आमचं भात किती भिजलं, आईचा गुडघा, चाकणच्या कँटीनची आमटी कशी असते. त्या मधेच "हं" म्हणत होत्या. मी थांबलो की मान वर करून बघत होत्या. म्हणून मी थांबत नव्हतो.