आरशाला लागलेलं बोट

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. घरी विषय निघाला की मशीनच खराब होतं, एवढंच म्हणायचो.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा वाटूर फाट्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. टायपिंगला एक बाई होत्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. त्यांचं काम चोख, म्हणूनच आसपासच्या शाळांचे पेपर आमच्याकडे यायचे.

एका सोमवारी लेझर प्रिंटरच्या प्रत्येक कागदावर मधोमध उभी पांढरी रेघ यायला लागली.

"काका, ही रेघ फुकट का?" गिऱ्हाईक हसलं.

शनिवारी अडकलेला कागद आपांनी काढला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुम्ही ड्रम खरवडला."

"न्हाई भाऊ, बराबर काढला. हळूच."

"मंग रेघ काय आपोआप आली?"

त्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेल्या. मी थांबवलं नाही.

जालन्याहून मेकॅनिक आला. त्यानं नवा ड्रम घालून पाहिला, रेघ तिथंच. मग वरचं झाकण उघडून त्यानं समजावलं. लेझर जागचा हलत नाही. त्याच्यासमोर सहा बाजूंचा छोटा आरसा गरगर फिरतो आणि प्रकाशाचा ठिपका ड्रमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेतो, ओळीमागून ओळ. वाटेत पट्टीसारखा लांब आरसा तो प्रकाश खाली वळवतो. प्रकाश पडेल तिथंच ड्रमला काळी पावडर चिकटते आणि कागदावर उतरते. या पट्टीवर डाग असला, की प्रत्येक ओळ नेमकी त्याच जागी कोरी राहते.

"आरशाला बोट कुणी लावलं?" त्यानं विचारलं.

"काय माहीत," मी म्हणालो. रविवारी धूळ पुसायला झाकण मीच उघडलं होतं.

त्यानं आरसा पुसला, रेघ गेली. आपांनी मशीन बिघडवलं हा बोभाटा मात्र फाट्यावर राहिलाच. महिनाभरानं सगळं सांगून त्यांना परत आणायचं ठरवलं आणि त्यांच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊ, लई विचार केला. जल्दीत माझ्याच हातून झालं असंल. माफ करा. आता मशीनला हात लावायचीच भीती वाटती."

मी म्हणालो, "जाऊ द्या, आपा."

चहा पिऊन परत आलो. त्यांनी पुन्हा कधी टायपिंग केलं नाही. मागच्या वर्षी त्या वारल्या.

त्या दिवशी माफ करा म्हणायची पाळी माझी होती. आपा, तुम्ही काही बिघडवलं नव्हतं. आरशाला हात मी लावला होता.