इटलीची हाडं, माझी मान

इटालियन शिकताना माझी मान आखडली. असं दुसऱ्या कुणाचं झाल्याचं ऐकिवात नाही. पण आमच्या घराण्यात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा मीच केल्यात. कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, बी.कॉम. झालेला पहिला मी (दुसऱ्या प्रयत्नात का होईना!), विमानात बसून दुबईला आलेलाही पहिला मीच.

रास अल खोरला संगमरवराच्या गोदामात मी सुपरवायझर. मालक ब्रूनोसाहेब, अस्सल इटलीचे. इन्चार्जची जागा रिकामी झाली आणि सोमवारी साहेब मुलाखत घेणार होते. या जागेवर माझा कधीपासूनचा डोळा! अडचण एकच. साहेब विचारायचे, "ट्रक निघाला?" मी मान डोलवायचो. ते पुन्हा विचारायचे. मी आणखी जोरात डोलवायचो. शेवटी ते कपाळाला हात लावून निघून जायचे. मी निदान केलं : भाषेचा प्रश्न आहे!

"बाबा, स्टार्ट विथ बॉडी पार्ट्स," आमची रिया म्हणाली. ही दुबईतच वाढलेली, त्यामुळे मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीतच. "इट्स सुपर इझी."

इझी कसलं! इटालियन माणसाचं सगळं शरीरावर चालतं. कर्तबगार माणूस 'इन गाम्बा', म्हणजे पायात. अनुभव घेणं म्हणजे स्वतःची हाडं घडवणं. आणि माझ्यासारख्या फटकळ माणसाच्या जिभेवर म्हणे केस नसतात!

"म्हणजे बाकीच्यांच्या असतात?" बायकोनं, सुनीतानं, लाटणं थांबवलं. "शी! अहो, पोळ्या लाटतेय मी!"

रविवारी संध्याकाळी मी पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या आणि एकेक शब्द लिहून अंगावर डकवायला घेतला. गुडघ्यावर 'जिनोक्क्यो', कोपरावर 'गोमितो', नाकावर 'नाझो'. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमध्ये मी लग्नाच्या मांडवासारखा फडफडत उभा! राहिली फक्त पाठ. 'स्क्येना'.

"आणा, मी लावते," सुनीता म्हणाली.

"काही नको. ग्रॅज्युएट माणूस आहे, स्वतःची पाठ स्वतःला सापडते!"

एक हात वरून नेला, एक खालून, मान पूर्ण वळवली आणि कट्!

"सापडली?"

"सुनीता... मान गेली."

"कुठे?"

"डावीकडे!"

मग तेल झालं, शेक झाला, शेवटी डॉक्टर. त्यांनी गळ्यात जाडजूड पट्टा बांधून सांगितलं, "खलास! आठवडाभर मान हलवायची नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पट्ट्यातला माणूस इन्चार्ज होतो कधी? रियानं मात्र तेवढ्यात 'कोल्लो', म्हणजे मान, अशी चिठ्ठी त्या पट्ट्यावर मागच्या बाजूनं डकवून दिली. मला कशी दिसणार? मान वळत होती का!

सोमवारी मी फळीसारखा ताठ साहेबांसमोर. साहेब माझ्याभोवती फिरले, मागून चिठ्ठी वाचली, मिशीत हसले आणि म्हणाले, "यल्ला, सुरू करू. ट्रकला उशीर झाला तर गिऱ्हाईकाला आधी कळवशील?"

सवयीनं मान निघाली, पट्ट्याला धडकली, मणक्यातून वीज गेली आणि मी ओरडलो, "सी!" म्हणजे हो.

"लादीला तडा दिसला तर तीच पाठवशील?"

पुन्हा मान, पुन्हा वीज. "नो!"

साहेब पुढं झुकले. एकामागून एक प्रश्न, एकामागून एक किंकाळी. पाठ केलेलं सगळं विसरलो, शेवटी एकच वाक्य आठवलं, "मि सोनो फात्तो ले ओस्सा!" (इथं मी माझी हाडं घडवली.)

साहेबांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "दिसतंय मला!" आणि खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. "हबीबी, चार वर्षं तुला विचारतोय. तुझं डोकं पंख्यासारखं फिरतं, मला हो कळत नाही, नाही कळत नाही. आज पहिल्यांदा कळलं. जागा तुझी!"

घरी आल्यावर सुनीतानं शिरा केला. मान कधीच बरी झाली, पण साहेबांची मीटिंग असली की मी अजून पट्टा चढवूनच जातो. बी.कॉम.चं सर्टिफिकेट भिंतीवर, पट्टा गळ्यात!

परवा सुनीता म्हणाली, "इन्चार्जसाहेब, सुट्टीच्या दिवशी भांडी घासाल ना?"

मी आधी पट्टा काढून ठेवला. मग मनसोक्त मान डोलवली.

"बाबा, इज दॅट अ येस ऑर अ नो?" रियानं विचारलं.

मी आणखी जोरात डोलवली. जिभेवर केस नसलेला माणूस मी. पण घरात इन्चार्ज मी नाही ना!