काळ्या बॉनेटवरच्या रेघा

शेजारी लोखंडी गेटला रंग चालला आहे. थिनरचा वास खिडकीतून आला आणि मी थेट धुळ्यात, मी कामाला होतो त्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्या काळ्या अँबेसिडरपुढे जाऊन उभा राहिलो.

तिचं बॉनेट मी दोनदा रंगवलं होतं. सावलीत ते आरशासारखं दिसायचं, पण उन्हात नेलं की रंगाखालून घासल्याच्या रेघा वर यायच्या. मी रंगाला शिव्या दिल्या, पॉलिश पेपरला दिल्या, उन्हालाही सोडलं नाही. तिसऱ्यांदा सगळं घासून काढलं, राखाडी प्रायमर मारला, तोही घासला आणि रंगाची गन उचलली, तेवढ्यात शेडचे मालक आबा तव्याच्या बुडाची काजळी घेऊन आले. त्यांनी ती फडक्याने बॉनेटभर चोळली आणि पुसून टाकली. रेघांमधलं काळं मात्र तसंच राहिलं. सगळ्या रेघा लांबलचक, माझ्याच हाताच्या वळणाच्या.

“हाई बठ्ठी तुन्ही घाई शे,” सगळ्या रेघांवरून बोट फिरवत आबा एवढंच म्हणाले.

तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो. आज राग येतो तो स्वतःचा. शेवटचा हात ज्या बारीक पेपरने मारायचा, त्याची गड्डी फळीवर तशीच बांधलेली होती, आणि ती मला तिन्ही वेळा दिसली होती.