दिल्लीत पाहिलेली कुस्ती

कोल्हापुरात पैलवानाची बायको व्हायचं म्हणजे नवऱ्याची कुस्ती सोडून बाकी सगळं बघायचं. म्हशीची धार, बदाम वाटणं, मातीनं लाल झालेले टॉवेल धुणं हे माझं. तालमीची पायरी मात्र बाईनं चढायची नाही, आणि मैदानाचं तर नावच नको. मैदानातला गलका आमच्या घरामागच्या परड्यात ऐकू यायचा. हलगी थांबली की कुस्ती संपली एवढंच कळायचं. कोण पडलं ते कळायला कुणीतरी घरी येईपर्यंत थांबायचं.

दिल्लीत तेव्हा नवं इनडोअर स्टेडियम झालं होतं. तिथं ह्यांना निवड चाचणीला बोलावणं आलं. जिंकले तर परदेशी लढायला जाणार होते. हळूच मला म्हणाले, "तितं खुर्च्या हायत. बायकाबी बसत्यात. तू चल की."

सासूबाईंनी नाक मुरडलं. "पैलवानाच्या मागनं बाई कशाला गं?"

मी मनात म्हटलं, बोला काय बोलायचं ते. जोतिबाला नारळ कबूल केला आणि गाडीत बसले.

स्टेडियम बघून मी हरखलेच. डोक्यावर एवढं मोठं छत, आणि आत एक खांब नाही. भर दुपारी दिवे लावलेले. आमच्या अख्ख्या गल्लीची लग्नं एकदम लागली असती एवढी जागा, आणि मधोमध नुसती गादी. ह्यांनी गादीला हात लावून कपाळाला लावला आणि सवयीनं अंगावर टाकायला माती उचलायला गेले. तिथं माती कुठली?

ह्यांची कुस्ती सावकाशीची. समोरच्याला अंगावर घ्यायचं, दमवायचं, तो धापा टाकायला लागला की उचलून आपटायचं. आमच्याकडं लोक त्यासाठी तासभर उन्हात बसत. गादीवरची कुस्ती घड्याळावर आणि गुणांवर. ह्यांना नियम सांगितले होते, पण अंगाला कोण सांगणार? समोरचा पोरगा सारखा पायात शिरायचा, गुण घेऊन बाजूला व्हायचा. हे शांत. शेवटी पोरगा दमला. मला वरून स्पष्ट दिसलं, आता हे उचलणार. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पंचांनी पोराचा हात वर केला, तरी हे पवित्रा घेऊन उभेच. त्यांच्या लेखी कुस्ती आत्ता कुठं लागली होती. पंचांनी खांद्याला धरून बाजूला केलं, तेव्हा मान वर करून त्यांनी खुर्च्यांमध्ये मला शोधलं.

परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "उगंच आणलं तुला."

पुढं कितीतरी वर्षं ते मातीत लढले, जिंकले. फेटा बांधून, गुलालात न्हाऊन घरी यायचे. बरोबरचे लोक म्हणायचे, "वैनी, आज बघाय पायजे हुतं तुमी!" पूर्वी असं झालं की ती कुस्ती ते मला चुलीपुढं करून दाखवायचे. डाव समजावताना माझाच हात धरून ओढायचे, तव्यावरची भाकरी करपायची. दिल्लीनंतर ते बंद झालं. पाहुण्यांत बसून रंगून सांगत असले आणि मी चहा घेऊन आले, की बोलणं तिथंच तुटायचं. "व्हय, जिंकलो," म्हणून कपाकडं हात करायचे.

हरलेली कुस्ती बघितल्याचं मला दुःख नाही. पण त्या एका दुपारी माझ्या वाट्याच्या साऱ्या जिंकलेल्या कुस्त्याही गेल्या.